अख्खी गिरणी आजारी पडली तेव्हा

माझं काम भोकं पाडण्याचं होतं. हे असं सरळ सांगितलं की लोक चपापतात, पण दुसरं काय सांगणार? मॅट्रिक झाल्यावर परळच्या एका कापडगिरणीत मी नोकरीला लागले, ती भोकं पाडायलाच. गिरणीने पगार करायचं यंत्र आणलं होतं. प्रत्येक माणसाचं रोज एक जाड कागदाचं कार्ड निघायचं. त्यावर ठरलेल्या जागी भोकं पाडायची, मग कार्डांची चळत यंत्राच्या तोंडात घालायची, की कोणाला किती पगार ते यंत्र छापून बाहेर टाकायचं. आम्ही मुली एका ओळीत बसून दिवसभर खटखट करायचो. आईला या नोकरीचं नाव घ्यायची लाज वाटे. चाळीत कुणी विचारलं तर म्हणायची, "मुलगी यंत्रावर असते." समोरची बाई विचारायची, "शिवणाच्या का?" आई गप्प बसायची, म्हणजे ते खरंच ठरायचं. निम्मी चाळ माझ्याकडे पोलकी शिवायला घेऊन यायची.

आता भाच्याचा पगार फोनवर टिंग करून येतो आणि कापला कशाला ते विचारायला माणूसच सापडत नाही, म्हणून तो माझ्यापुढे बसून कपाळ बडवतो. मी त्याला म्हणते, बस जरा, तुला तुझ्या आजोबांची गोष्ट सांगते. तो बसत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती. आम्ही गिरगावातले. आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ, असं चाललेलं. जिन्यावरून वरखाली करणारी शेंबडी पोरंसुद्धा घोषणा देत जायची. आमच्या घरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या कारकून. मोठ्याने बोलायची पद्धतच नव्हती. एक मी सोडून.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, त्याच गिरणीत पगारखात्याचे हेडक्लार्क होते. म्हणजे बघा, ज्या कामात त्यांची हयात गेली तेच काम करायला यंत्र आणलं, आणि त्या यंत्राला घास भरवायला त्यांचीच मुलगी ठेवली. लोकांना वाटे, यांच्या घरी रोज महाभारत होत असणार. काही होत नसे. दादा यंत्राचा राग करत नव्हते, ते त्याची कीव करायचे. "बिचाऱ्याला सगळं सांगावं लागतं," म्हणायचे, "आपलं आपल्याला काही कळत नाही त्याला." साहेबांनी ठरवलं होतं की यंत्रावर भरवसा बसेपर्यंत पगार दोन्हीकडे करायचा. इकडे यंत्राने, तिकडे दादांच्या कारकुनांनी हाताने, आणि मग दोन्ही ताडून बघायचं. म्हणजे काम कमी करायला यंत्र आलं आणि काम झालं दुप्पट. हे बोलायची अर्थात सोय नव्हती.

दादा त्या वर्षी पंचावन्न पुरे करणार होते. पंचावन्नाला निवृत्ती. पण चांगल्या माणसाला गिरणी दोन वर्षांची मुदतवाढ द्यायची, आणि आमच्या घराचा सगळा डोलारा त्या मुदतवाढीवर उभा होता, कारण माझ्या धाकट्या बहिणीला मेडिकलला प्रवेश मिळाला होता. आमच्या सबंध खानदानात मुलगी सोडाच, मुलगाही कधी डॉक्टर झालेला नव्हता. दादा ती बातमी सांगायला कारण नसताना नातेवाइकांकडे जायचे. तर मुदतवाढीची अट एकच होती, सेवापत्रकावर आजारपणाचा डाग नको. त्याची दादांना काळजीच नव्हती. त्यांनी जन्मात आजारपणाची रजा घेतली नव्हती. ताप आला तर कोटाखाली स्वेटर घालून जायचे. गालफुगी झाली तेव्हा मफलर गुंडाळून गेले आणि निम्म्या पगारखात्याला देऊन आले. पण रजा नाही.

अशात हरताळ आला. सगळी मुंबई बंद. ट्रामा नाहीत, बसगाड्या नाहीत, हिंदमातापर्यंत एक दुकान उघडं नाही. आणि दादा सकाळी नेहमीच्या वेळेला कोट घालून, डबा घेऊन उभे.

आई म्हणाली, "अहो, कुठे निघालात? सगळी मुंबई बंद आहे!"

"मुंबई बंद आहे," दादा म्हणाले, "गिरणी बंद असल्याचं मला कुणी कळवलेलं नाही."

निघाले. चालत. मी गॅलरीतून ओरडले, "दादा, पोलिसांच्या गाड्या फिरतायत!" तर मान वर करून म्हणाले, "मला कशाला धरतील? माझ्याकडे डबा आहे." संध्याकाळी परत आले, धुळीने माखलेले. इतकंच म्हणाले, "फाटक बंद होतं," आणि पाय धुवायला गेले. मी त्या दिवशी चाळीतल्या बायकांबरोबर सभेला जाऊन आले होते. माझा घसा इतका बसला होता की मला पुढे काही विचारताच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली आणि आमच्या यंत्रखोलीत पंचाईत उभी राहिली. यंत्राला प्रत्येक दिवसाचं भोक लागतं. भोकाच्या जागा चारच, हजर, रजा, आजारी आणि खाडा. खाडा म्हणजे न सांगता मारलेली दांडी. हरताळाचं भोकच नव्हतं. आमचे यंत्रसाहेब, यंत्राच्या कंपनीतून शिकून आलेले एक टायवाले गृहस्थ, डोकं धरून बसले.

दादांना बोलावलं. "तुम्ही हाताने करता तेव्हा अशा दिवशी काय लिहिता?"

"काही नाही," दादा म्हणाले. "चौकट कोरी ठेवतो. सगळ्यांना ठाऊक असतं त्या दिवशी काय झालं ते."

"कोरं कार्ड यंत्र घेत नाही हो!"

"मग त्याला सांगा ना, काय झालं ते."

यंत्रसाहेब मॅनेजरकडे धावले. मॅनेजरने फोर्टातल्या मोठ्या कचेरीला कळवून ठेवलेलं होतं की आपल्या गिरणीत सगळी माणसं निष्ठावंत आहेत, असले प्रकार आपल्याकडे होत नाहीत. तेव्हा हरताळ हा शब्द गिरणीत लिहायचा नाही, असा हुकूम सुटला. मग खाडा लावा? तर युनियनचा माणूस येऊन टेबलावर मूठ आपटून गेला, खाडा लावलात तर उद्या परत बंद. रजा म्हणावं तर रजेचा अर्ज लागतो, आणि हजर म्हणावं तर पगार द्यावा लागतो. उरलं काय? आजारी. आजारी माणसाला त्या दिवसाचा पगार नाही, म्हणून मॅनेजर खूश. त्याचा खाडाही नाही, म्हणून युनियन खूश. सगळे शहाणे एका खोलीत बसले आणि त्यांनी हे ठरवलं. आम्ही मुलींनी मग सबंध दिवस खटखट करून अख्खी गिरणी आजारी पाडली. मागांचं साचेखातं आजारी, सूतखातं आजारी, फाटकाच्या खोलीतच राहणारा भय्या आजारी. आम्ही स्वतः आजारी, मॅनेजरही आजारी. गिरणीच्या दवाखान्यातले डॉक्टर पगारावर होते म्हणून तेही आजारी. दादांचं कार्ड माझ्या चळतीत आलं. तेही मी पाडलं. आता पगारखात्याच्या हेडक्लार्कचं कार्ड काय मी पदराखाली लपवून ठेवणार होते?

आठवड्याने मोठ्या कचेरीचं पत्र आलं. तिथे कुणीतरी यंत्राने छापलेली बेरीज वाचली होती, एका दिवसात सगळे कामगार आजारी. त्या गृहस्थाने मुंबईत त्या दिवशी काय झालं होतं हे वर्तमानपत्रात वाचलं नसेल असं मी म्हणत नाही. पण वर्तमानपत्र वेगळं आणि कचेरीचा कागद वेगळा. कागदावर आजार होता, म्हणून नियम लागू झाला. जो आजारी पडला त्याने गिरणीच्या डॉक्टरकडून बरा झाल्याचं सर्टिफिकेट आणायचं. कार्डाच्या कोपऱ्यात बरा झाल्याचं वेगळं भोक पडल्याशिवाय पगाराची चिठ्ठी निघणार नाही. मॅनेजरला हे नाकारता येईना, कारण आजार त्याच्याच सहीने झालेला.

मग काय सांगू! दवाखान्यापासून साचेखात्याच्या दारापर्यंत रांग, आणि प्रत्येकाच्या हातात बाटली. त्या काळी औषधाला बाटली घरून न्यायची. कुणाची दारूची धुतलेली, कुणाची तेलाची, एकाने तर लोणच्याची बरणी आणली होती. नियमात लिहिलं होतं की तपासणी आणि औषध झाल्यावरच सर्टिफिकेट, म्हणून कंपाउंडर पिंप भरून गुलाबी औषध कालवत होता. डॉक्टर बिचारे सज्जन गृहस्थ. रांगेत माझ्यापुढे लालबागचा एक विणकर होता, कोकणातला, चांगला दांडगा. डॉक्टरांनी विचारलं, "काय होत होतं?"

"माका काय जावचा आसा?" तो म्हणाला. "मिया मोर्च्याक गेल्लंय."

"तसं लिहिता येत नाही रे बाबा. काहीतरी होत असेलच ना? तोंड उघड बघू."

त्याने आ केला. डॉक्टरांनी बॅटरी मारली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, घसा तर लाल आहे तुझा!" रोजच्या सभांत घोषणा देऊन देऊन त्याचा घसा सोललेला होता. सगळ्यांचाच होता. माझाही होता. डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी पुढे न विचारताच प्रत्येकाच्या नावापुढे घशाची सूज लिहिली, आणि शेवटी आरशापुढे उभं राहून, स्वतःचा आ बघून, स्वतःलाही बरं केलं. मॅनेजरची बाटली शिपायाने आणली होती.

रांगेत दादा नव्हते.

मी घरी गेल्यावर विचारलं, "दादा, सर्टिफिकेट घेतलंत ना?"

"कसलं? मी आजारी नव्हतो."

"अहो, कुणीच नव्हतं! मीसुद्धा ते गुलाबी पाणी प्यायले."

"तू पी. तुला मुदतवाढ नको आहे. ते सर्टिफिकेट घेतलं की मी आजारी होतो असं कबूल केल्यासारखं झालं. डाग पडला."

बोलले ते खरंच होतं, आणि त्यातच तर सगळं अडकलं होतं. सर्टिफिकेट घ्यावं तर आजारपण पक्कं आणि मुदतवाढ गेली. न घ्यावं तर? न घ्यावं तर काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी यंत्रखोलीत दिसलं. दादा नेहमीप्रमाणे कामावर आलेले. त्यांचं हजर असं कार्ड मी पाडलं, चळतीत घातलं. यंत्राने सगळी कार्डं गिळली आणि एक बाजूच्या खणात थुंकून टाकलं. दादांचं. बरा झाल्याचं भोक नाही म्हणजे माणूस अजून आजारी आहे, आणि आजारी माणूस हजर कसा असेल? तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. माझा बाप पलीकडच्या खोलीत बसून त्याच यंत्राचे हिशेब तपासत होता, आणि ते मेलं यंत्र रोज त्याला थुंकत होतं. मी यंत्रसाहेबांना म्हटलं, "ते बघा, त्या काचेतून दिसतायत, पान खातायत!" यंत्रसाहेब हळूच म्हणाले, "मला दिसतायत हो. यंत्राला दिसत नाहीत."

यंत्राचा कागद मात्र दर आठवड्याला मोठ्या कचेरीत जात होता. सगळी गिरणी बरी झाली, एकच माणूस उठत नाही, हे पाहून तिथे हळहळ निर्माण झाली. एके दिवशी भर दुपारी गिरणीचे कामगार-कल्याण अधिकारी आमच्या गिरगावच्या घरी मोसंब्यांची पिशवी घेऊन हजर! आई एकटी होती. तिने मला सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"कोण, हे? कामावर गेलेत."

अधिकाऱ्यांनी मान हलवली. "वाटलंच मला. या पिढीतल्या लोकांना विश्रांती माहीतच नाही. जेवण जातं का?"

"दोन वेळा."

"वहिनी, तुम्ही धीर धरा हं," असं म्हणून मोसंबी ठेवून गेले. जाताना खालच्या मजल्यावर त्यांनी दोघातिघांना सांगितलं की वरच्यांकडे लक्ष ठेवा. झालं! दादा संध्याकाळी घरी आले तर त्यांच्याच खाटेभोवती चाळ गोळा झालेली, त्यांना झोपायलाही जागा नाही. एक म्हातारे काका त्यांचा हात धरून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका." दादा म्हणाले, "मला काय झालंय?" तर सगळ्यांनी एकमेकांकडे असं पाहिलं की आई मोठ्याने रडायलाच लागली. तिला ठाऊक होतं ते धडधाकट आहेत, तरी रडली. मी सगळ्यांना बाहेर काढलं. म्हटलं, "निघा, पेशंटला झोपू द्या!" काय करणार, दुसऱ्या कशाने हलले नसते.

मग मॅनेजरने दादांना आत बोलावलं. हे दादांनी त्याच संध्याकाळी आम्हाला सांगितलं, जेवायला बसल्यावर. मॅनेजर म्हणाला, मुदतवाढीचा कागद माझ्या टेबलावर आहे, पण तुम्ही आजारी आहात, माझा हात बांधलेला आहे. मग आवाज खाली आणून म्हणाला, फाटकावरचा भय्या सांगतो की त्या दिवशी तुम्ही आला होतात. सगळ्या गिरणीतून एकटे. तुमच्यापुरतं मी त्या दिवसाला हजर करून घेतो. पगार देतो. मोठी कचेरी खूश होईल, तुमचा फोटो फाटकाजवळ लावू, आणि मुदतवाढ तर गेलीच तुमच्या खिशात.

आईने हात जोडले, देवाला. धाकटी पाटावरून उठून उभीच राहिली. मी म्हटलं, "मग? हो म्हणालात ना?"

दादा भात कालवत राहिले.

"दादा! तुम्ही गेला होतात की नाही?"

"गेलो होतो."

"मग हजर म्हणून घ्या ना! खोटं थोडंच आहे? फोटो लावू देत नाही तर त्यांचं डोकं आपटू देत. गिरगावात चार लोक बोलतील, बोलू देत. मी बघून घेईन त्यांना." आणि मी खरंच बघून घेतलं असतं. मलाही मोर्चे हवे होते, मुंबई हवी होती, सगळं हवं होतं. पण धाकटीचं कॉलेज त्याआधी हवं होतं, यात मला काही लाज वाटत नव्हती.

दादा म्हणाले, "फाटक बंद होतं. मी थोडा वेळ उभा राहिलो. भय्या म्हणाला, बाबूजी, आज काहे आये? मग परत फिरलो. लालबागला आलो तर रस्ताभर नुसती माणसं. आपल्याच साचेखात्यातली. ती पण फोर्टाकडेच निघालेली, आणि मला तिकडूनच घरी यायचं. दुसरा रस्ता होता कुठे? त्यांच्यातून चालायला लागलो. कुणीतरी हातात झेंडा दिला. म्हणाला, धरा जरा हेडक्लार्कसाहेब, मी विडी पेटवतो. तो मला परत दिसलाच नाही."

"मग?" धाकटी म्हणाली.

"मग काय, झेंडा रस्त्यावर टाकून देणार? धरला. आजूबाजूचे सगळे घोषणा देत होते. आपणच गप्प राहिलो तर बरं दिसत नाही."

"तुम्ही घोषणा दिल्या?" आईने असं विचारलं, जसं काही ते दारू प्यायले होते का विचारते आहे.

"दिल्या. आधी हळू दिल्या. पुढे आवाज सुटला." दादा खाली बघत होते, पण मला दिसलं की ते लाजले होते, आणि खूशही होते. "जाताना मी कामावरच चाललो होतो, बाय. येताना नव्हतो. आता मला हजर म्हणून कसं चालेल?"

मी इतकी चिडले की ताट तसंच ठेवून उठले. सांगून टाकते, मला त्यांचा अभिमान वगैरे काही वाटला नाही त्या दिवशी. नुसता संताप. जन्मात एकदा आवाज चढवला यांनी, तोही नेमका तेव्हा!

दुसऱ्या दिवशी दादांनी मॅनेजरला त्यांच्या सुवाच्य अक्षरात अर्ज दिला, की त्या दिवशी आपण आजारी नव्हतो, हजर नव्हतो, रजेवर नव्हतो आणि आपण खाडाही केलेला नाही, आपण हरताळात होतो, तरी तशी नोंद व्हावी. मॅनेजरला घाम फुटला. त्याने समजावलं, दरडावलं, चहा पाजला. दादा हलले नाहीत. शेवटी लेखी कबुलीच असल्यामुळे कागद वर पाठवावा लागला, आणि यंत्रसाहेबांनी कार्डावर पाचवी जागा काढली. एकट्या माझ्या बापासाठी. ते भोकही मीच पाडलं. यंत्राने कार्ड मुकाट्याने गिळलं, आणि त्याच्यामागून, आधी थुंकलेली सगळी हजर कार्डंही गिळली. खाली बेरीज छापून आली, अख्खी गिरणी आजारी, हरताळकरी एक. जो त्या दिवशी एकटाच कामावर आला होता, तो!

मोठ्या कचेरीने मॅनेजरचं अभिनंदन केलं, की सबंध गिरणीत एकच हरताळकरी निघाला आणि त्यालाही कुणाला चिथावता आलं नाही. सदर इसमास मुदतवाढ देऊ नये, एवढीच त्यात एक ओळ होती. पगाराबाबतची पत्रं फाइल करायचं काम दादांचं, म्हणून ते पत्र त्यांच्याच टेबलावर आलं, आणि त्यांनीच ते फाइलला लावलं. महिनाअखेर ते निवृत्त झाले. चाळीने नारळ आणि शाल देऊन सत्कार केला. दादा उभे राहून म्हणाले, "अहो, मी कामावर गेलो होतो," तर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, किती विनय म्हणून.

धाकटीचं कॉलेज माझ्या पगारावर झालं. दादरचं एक चांगलं स्थळ आलं होतं, त्यांना सून नोकरी सोडणारी हवी होती. मी नाही म्हणून सांगितलं. दादा त्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "तुझ्यावर टाकलं गं मी." मी म्हटलं, "हो, टाकलंत." खोटं खोटं नाही कशाला म्हणायचं, आणि आम्हाला ते जमतही नव्हतं. पुढे मी बरीच वर्षं भोकं पाडली. यंत्रं बदलली, भोकं गेली, फिती आल्या, शेवटी मीही पंचावन्नची झाले.

दादा खरेखुरे आजारी पडले ते खूप म्हातारपणी. धाकटी तोवर परळच्या एका इस्पितळात मोठी डॉक्टर झाली होती, तिनेच त्यांना तिथे दाखल केलं. वॉर्डातला तरुण डॉक्टर केसपेपर लिहायला आला. मी उशाशी, धाकटी पायथ्याशी गळ्यात तपासायची नळी घालून उभी.

"आजोबा, याआधी कधी आजारी होतात?"

"नाही," दादा म्हणाले. आवाज पार खोल गेला होता. मग थांबून म्हणाले, "एकदा हरताळात होतो."

तो मुलगा गोंधळला. त्याला वाटलं भ्रम झालाय. तो आमच्याकडे बघून हळूच विचारू लागला, काय लिहू, आधीचे काही अटॅक वगैरे? धाकटीने त्याच्या हातातून कागद घेतला आणि त्या जागी स्वतःच्या हाताने लिहिलं, काही नाही. मग तिने तो दादांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी चष्मा मागितला, वाचलं, आणि बरोबर आहे म्हणाले.